ठरावाचं पाणी

महाड म्हटलं की आपण थेट २० मार्च १९२७ वर उडी मारतो. बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळीनं पाणी प्याले. हे आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. मला त्याच्या आधीची तीन वर्षं उकरायची आहेत. कारण त्या तीन वर्षांत चवदार तळं कागदावर आपल्याला उघडंच होतं.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव पास करून घेतला. सरकारी पैशानं बांधलेले, किंवा सरकारनं नेमलेल्या मंडळांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. पुढच्याच महिन्यात सरकारचा हुकूम निघाला. महाडच्या नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये आपला ठराव केला : तळं सगळ्यांना खुलं.

झालं. ठराव वहीत गेला, घागर काही पाण्यात गेली नाही.

का गेली नाही? कागद नगरपालिकेचा होता, पण तळ्याभोवतीची घरं सवर्णांची होती. पाणी भरायला गेलेल्या बाईच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं. १९२६ मध्ये बोल्यांना कौन्सिलात परत उठून सांगावं लागलं की ज्या नगरपालिका, लोकल बोर्डं अंमल करत नाहीत त्यांची ग्रँट रोखा. म्हंजे हे दुखणं एकट्या महाडचं नव्हतं.

मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली. हजारो माणूस आलं. त्या माणसांना प्यायला पाणी कुठलं? विकत आणलेलं. चाळीस रुपयांचं. खुल्या केलेल्या तळ्याच्या गावात, ठरावानंतर तीन वर्षांनी, चाळीस रुपयांचं पाणी! मला या इतिहासात ही रक्कम सगळ्यात बोलकी वाटते. नगरपालिकेच्या बाजूनं सुरबानाना टिपणीसांसारखा माणूस आपल्याबरोबर उभा राहिला, ते नाकारायचं कारण नाही. पण एक भला माणूस म्हंजे नगरपालिका नव्हे.

पुढचं माहीतच आहे. लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, मग डोकी फुटली. तळं १०८ घागरी शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून ‘शुद्ध’ झालं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. देताना तीन वर्षं अंमल नाही, काढून घ्यायला पाच महिनेही लागले नाहीत.

मग कोर्ट. तळं आमच्या खाजगी मालकीचं, आणि अस्पृश्यांनी शिवायचं नाही ही जुनी वहिवाट, असा सवर्णांचा दावा. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टानं निकाल दिला : तळं नगरपालिकेचं, आणि अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. एका ओंजळीला दहा वर्षं.

आता मुंबईकडं या, कारण गावचा पाणवठा सोडून आपली माणसं तिथंच गेली. मुंबईचं तळं लांब डोंगरात. विहार १८६०, तानसा १८९२. पाणी नळातून येतं, आणि नळाला जात नसते असं आपल्याला वाटलं. (गिरणीत तसंच वाटलं होतं. पण विणाई खात्यात आपल्याला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, थुंकी लागे.) नळाला जात नसली तरी तारीख असते, हे झोपडपट्टीत कळलं.

१९७१ चा झोपडपट्टी सुधार कायदा झाला. १९७२ ला केंद्राची योजना आली, तिचा हिशेब दीडशे माणसांमागं एक नळ. सरकारी भाषेत ही मदत. पाणी दोन तास आलं तर १२० मिनिटं. दीडशे माणसांत भागा. माणशी मिनिटभरसुद्धा नाही, आणि त्यात आंघोळ, धुणं, रांधणं सगळं. नळावर भांडणाऱ्या बायांना नावं ठेवणाऱ्यांनी हा भागाकार करावा.

१९७६ ला झोपड्यांची गणना झाली, फोटोपास आले. ज्याच्याकडं कागद त्याला पाणी. १९९६ ला सरकारी परिपत्रक निघालं : १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपडीला नळ नाही. त्या झोपडीतल्या माणसानं मग काय प्यायचं? टँकरवाल्याचं, शेजारच्या नळवाल्याचं, हंड्यामागं पैसे मोजून. इमारतीतल्या पाणीपट्टीच्या कितीतरी पट. महाडचे चाळीस रुपये संपलेच नाहीत, रोज चालू राहिले.

पाणी हक्क समिती कोर्टात गेली. १५ डिसेंबर २०१४ ला हायकोर्टानं सांगितलं की पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला तहान असते, महापालिकेनं धोरण करावं. पण त्याच निकालात हेही आलं की झोपडीझोपडीत नळ नको, बाहेर कुठं तरी द्या, आणि दर जास्त लावलात तरी चालेल. हक्क मान्य, पण दारापर्यंत नाही.

धोरण झालं त्यातही फुटपाथवरचे, खाजगी जमिनीवरचे वगळलेच. मे २०२२ मध्ये महापालिकेनं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणलं, तेव्हा त्यांचंही नाव यादीत आलं. चांगलं आहे, नावं ठेवत नाही. पण मी १९२४ चा ठराव वाचून बसलोय. धोरण नगरपालिका करते, आणि मागंही तीच घेते.

म्हणून ज्यांच्या वस्तीत अजून नळ नाही त्यांना एवढंच : जलखात्यात नुसतं तोंडी सांगून येऊ नका. पाचेक घरं मिळून अर्ज करा. कारकून ‘बघू’ म्हणाला तरी खिडकीवरनं हलू नका. पोच घ्या, शिक्क्यासकट, तारखेसकट.