परवडणाऱ्या भाड्याच्या वसाहती : व्यवस्थापनाची ओळख

सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या भाविकांपैकी अनेक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. कोणी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, कोणी मिरजेच्या रुग्णालयात सेवेला, तर कोणी मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून आलेले आहे. दुसरीकडे, आयुष्यभराच्या पुंजीतून चार-सहा खोल्या बांधून त्या भाड्याने देणारेही आपल्यात आहेत. या दोघांच्याही उपयोगी पडावी, म्हणून ही माहिती आम्ही येथे संकलित केली आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात माणसाला माणूस म्हणून जगण्यासाठी आवश्यक असलेल्या गोष्टींत अन्न व वस्त्र यांच्यासोबत निवाऱ्याचा उल्लेख केला आहे. हा निवारा स्वस्तही असावा आणि टिकाऊही, ही खरी अडचण होय. स्वस्त वसाहती बहुधा बांधकामाच्या दोषाने मोडत नाहीत, त्या कारभाराच्या ढिलाईने मोडतात, असे जुन्या अनुभवांवरून दिसते.

आपल्या परिसरातील दोन उदाहरणे

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली कारखाना आणि त्याच्याबरोबर कामगारांची वसाहत उभी राहिली. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. नांगरांचे काम लक्ष्मणरावांनी पाहिले, पण वसाहतीची आखणी व कारभार त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्याकडे होता. वसाहतीचा कारभार हे स्वतंत्र काम आहे आणि त्याला एक जबाबदार माणूस लागतो, हे तेथे आरंभीच ओळखले गेले. अशा वसाहतींची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी : घर नोकरीशी बांधलेले असेल, तर नोकरीबरोबर घरही जाते.

किर्लोस्करांचे नांगर गावोगावी विकणारे भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे मुले स्वतःची कामे स्वतः करीत. राहणाऱ्यांनी श्रमाचा वाटा उचलला की खर्च कमी होतो आणि वास्तूविषयी आपुलकीही वाढते.

परदेशातील दोन उदाहरणे

जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे याकोब फुगर या व्यापाऱ्याने १५२१ साली गरजू कॅथलिक नगरवासीयांसाठी वसाहत स्थापली. ती आजही चालू आहे. वर्षाचे भाडे एक युरोहूनही कमी आहे आणि रहिवाशांनी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, अशी अट आहे. मात्र देखभालीचा खर्च या भाड्यातून भागत नाही. फुगर घराण्याच्या न्यासाची वने व अन्य मिळकत त्यामागे उभी आहे. ज्यांच्यामागे असा न्यास नाही, त्यांनी नाममात्र भाड्याचा मोह टाळावा.

लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या स्त्रीने १८६५ पासून दुसरा मार्ग दाखविला. जॉन रस्किन यांच्या पैशातून घेतलेली मोडकळीची घरे तिने गरीब कुटुंबांना भाड्याने दिली. दर आठवड्याला ती स्वतः दारी जाऊन भाडे घेई आणि त्याच फेरीत गळके छप्पर, तुंबलेले गटार पाहून घेई. थकबाकी ती साचू देत नसे. दुरुस्तीसाठी राखलेल्या रकमेतून काही उरले, तर ते कोणत्या सुधारणेवर खर्चावे हे भाडेकरूंना विचारले जाई. गुंतवणूकदारांना ५ टक्के परतावाही मिळे.

व्यवहारात काय करावे?

१. लेखी करार : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

२. पावती : भाड्याची पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. रोख घेतले तरी पावती द्यावी आणि भाडेकरूने ती मागण्यात संकोच करू नये.

३. दुरुस्ती निधी : समजा, २० खोल्यांचे दरमहा प्रत्येकी २,५०० रुपये भाडे येते. एकूण ५०,००० रुपयांतून १५ टक्के, म्हणजे ७,५०० रुपये, दरमहा वेगळ्या खात्यात ठेवले, तर वर्षाला ९०,००० रुपये जमतात. पावसाळ्यापूर्वीची गळती, पंप, संडासाची टाकी यांसाठी मग कर्ज काढावे लागत नाही.

४. थकबाकी : पहिला महिना चुकताच घरी जाऊन चौकशी करावी. आजारपण असेल, तर हप्ते ठरवून लिहून घ्यावेत. चार महिन्यांनी दार ठोठावल्यास कर्ज आणि कटुता दोन्ही वाढलेली असतात. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे मात्र कायद्याला मान्य नाही.

५. रहिवाशांची बैठक : दोन-तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावी. पाणी व विजेचा हिशेब फलकावर लावावा. तक्रारवहीत तारीख, तक्रार आणि काम झाल्याचा दिवस लिहावा.

पूर आणि कागदपत्रे

कृष्णाकाठच्या वसाहतींचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ सालीही शहराने पूर सोसला. अशा वेळी करार व पावत्या नसलेल्या भाडेकरूला आपण तेथे राहत होतो हे सिद्ध करणे जड जाते. ज्याचे सर्वाधिक वाहून गेले, त्याच्याच हाती पुरावा उरत नाही. म्हणून कागदपत्रांची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत उंच जागी आणि दुसरी पूररेषेबाहेरील नातेवाइकांकडे ठेवावी. मालकाने खोली देतानाच पूर्वीच्या पुराचे पाणी कोठवर आले होते ते सांगावे.

शासकीय योजना

स्थलांतरित कामगार व शहरी गरिबांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली. रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने देणे आणि खासगी वा सार्वजनिक संस्थांनी स्वतःच्या जमिनीवर नवी घरे बांधणे, असे तिचे दोन प्रकार होते. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्येही भाड्याच्या घरांचा घटक ठेवण्यात आला आहे. इच्छुक संस्थांनी आपल्या महापालिकेत वा नगरपालिकेत चौकशी करावी.

भाविकांना आमची विनंती एवढीच, की या महिन्यात आपला करार आणि पावत्या एकदा काढून पाहाव्यात. त्या नसतील, तर मालक व भाडेकरू यांनी एकत्र बसून त्या तयार कराव्यात. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना या कामी आपल्या धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांनी साहाय्य करावे.