टेबलावरची नोकरी, घोड्यावरची मांड

ऑफिसच्या खुर्चीत बसून ऐकत असाल, तर आधी एकदा उभे राहा. का ते पुढे सांगते.

मी सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपसमोर असते आणि रविवारी सकाळी पुण्याबाहेर घोडा चालवायला जाते. गेल्या पावसाळ्यात पडले. घोडा दुडक्या चालीत होता, कशाला तरी बुजला आणि मी सरळ चिखलात! हाड मोडलं नाही, पण कंबर अशी धरली की पंधरा दिवस मोजाही वाकून घालता येईना. आमचे शिकवणारे सर म्हणाले, "मॅडम, घोड्याचं काही चुकलं नाही. तुमची मांड अजून खुर्चीतलीच आहे."

लागलं हो ते. सोडून द्यावं का, असंही वाटलं. मग विचार आला, लेखणी आणि लगाम दोन्ही सांभाळणारी माणसं पूर्वी होतीच की. त्यांचं कसं निभायचं?

पहिले नाना फडणवीस. जन्म १७४२ चा. फडणिशी म्हणजे हिशेब आणि दप्तर, आजच्या भाषेत पक्का डेस्क जॉब. पण १४ जानेवारी १७६१ ला हे नाना पानिपतावर होते, वय एकोणीसही पूर्ण नाही. पराभवानंतर जीव वाचवून निघाले तेव्हाची हकिगत त्यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवलीय. वाटेत रामाजीपंत भेटले. म्हणाले, घोडा सोडा, अंगावरचे कपडे उतरवा. बरोबरच होतं, चांगला घोडा आणि चांगले कपडे म्हणजे लुटारूंना आमंत्रणच. नानांनी ऐकलं आणि पुढची वाट पायी तुडवली. घोडा गेला की उरतात ते आपले पाय.

आता सव्वाशे वर्षं पुढे येऊ. इंग्रजांच्या काळातली सगळ्यात मानाची टेबलावरची नोकरी म्हणजे आय.सी.एस. तिच्यासाठी नुसती हुशारी पुरत नसे, घोडेस्वारीची परीक्षाही द्यावी लागे. कारण साधं होतं. जिल्ह्याचा साहेब हिवाळ्यात तंबू घेऊन गावोगाव फिरायचा, पिकं बघायचा, तक्रारी ऐकायचा आणि गावांना जायला धड रस्ते नसायचे. अरविंद घोष १८९० मध्ये लेखी परीक्षेत वरच्या नंबरात आले, पण १८९२ मध्ये घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत आणि नोकरी हुकली. ही नोकरी आपल्याला नकोच होती, असं त्यांनीच पुढे सांगितलं. १८९३ मध्ये ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत लागले आणि तिथे मराठीही शिकले.

हे वाचताना माझी ट्यूब पेटली. त्या साहेबाला घोडा हा रविवारचा छंद नव्हता, कामाचाच भाग होता. कामच शरीर हलवत होतं. माझं काम मला आठवड्याला चाळीसेक तास खुर्चीत बांधून ठेवतं आणि मी एका तासाच्या स्वारीत त्याची भरपाई करायला बघते. घोडं पेंड खातं ते इथेच!

बसून बसून मांडीच्या वरचे, कमरेच्या पुढचे स्नायू आखडतात. घोड्यावर मात्र कंबर सैल हवी, त्याच्या चालीबरोबर हलणारी. ती आखडली की प्रत्येक धक्का थेट पाठीत जातो. म्हणजे दुरुस्ती रविवारची नाही, सोमवार ते शुक्रवारची.

इथे मला औंधच्या राजांची आठवण झाली. भवानराव पंतप्रतिनिधी. कारभार बघणारा माणूस, पण रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमध्येही ते सुरू केले. नमस्कारात एक पाय मागे टाकून गुडघा टेकतो ना, नेमकी तिथेच ती आखडलेली जागा ताणली जाते. खर्च शून्य, जागा सतरंजीएवढी.

मग मी काय केलं? आधी फिजिओथेरपिस्टला पाठ दाखवली. तुम्हालाही दुखत असेल तर आधी तेच करा. मग सकाळी १२ नमस्कार, दोन्ही पाय आलटून पालटून. दर पाऊण तासाला खुर्चीतून उठायचं. फोन आला की चालत बोलायचं. लिफ्ट बंद. आणि स्वारीआधी दहा मिनिटं घोड्याला हाताने धरून चालवायचं, म्हणजे तोही गरम होतो आणि मीही.

पाच महिने झाले. परवा तोच घोडा पुन्हा बुजला. मी हलले, एक रिकीब सुटली, पण बसून राहिले. सर काही बोलले नाहीत, फक्त हसले. मला तेवढं पुरलं.

चला, आता तरी उठा खुर्चीतून! भेटू पुढच्या भागात.