जलमार्गाचा कर व त्याचा विनियोग

घारापुरीहून पूर्वेकडे खाडीपलीकडे दृष्टि टाकली म्हणजे न्हावा-शेवा बंदरांतील उंच याऱ्या दिसूं लागतात. तेथें येणाऱ्या प्रत्येक जहाजास गाळ उपसून खोल केलेल्या मार्गाबद्दल, वाट दाखविणाऱ्या आरकाट्याबद्दल व धक्क्याबद्दल कर द्यावा लागतो. हा कर जड कीं हलका, याचीच चर्चा व्यापारी मंडळींत बहुधा चालते. परंतु आमच्या मतें अधिक महत्त्वाचा प्रश्न असा कीं, कराचा पैसा जातो कोठें आणि त्यावर पोसलें जातें कोण? कोंकणच्या इतिहासांत याचीं उत्तरें वेळोवेळीं निराळीं मिळालीं आहेत.

खारेपाटणच्या ताम्रपटांत शिलाहार राजा रट्टराज यानें शके ९३० मध्यें, म्हणजे इ. स. १००८ त, अव्वेश्वराच्या देवालयास दिलेलें दान नमूद आहे. परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक तारवामागें एक सुवर्णगद्याण त्या देवालयास मिळावा, असें राजानें ठरवून दिलें. दर ठरलेला आणि विनियोगही ठरलेला! उलट, उत्तर कोंकणच्या अनंतदेवानें शके १०१६ च्या ताम्रपटांत आपल्या दोघां व्यापारी अमात्यांस ठाणें, सोपारें, चौल इत्यादि बंदरांत जकात माफ केली. दरबारीं वजन असणारास सूट मिळण्याची रीत अशी जुनीच आहे.

पुढें पोर्तुगीजांनीं समुद्रावर परवाने लादले. त्यांच्या ‘कार्ताझ’वांचून जाणारें गलबत ते पकडीत. कान्होजी आंग्रे यांनीं आपलें दस्तक चालविलें, तेव्हां मात्र इंग्रजांनीं त्यांस चांचे ठरविलें. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं याबाबत एक मार्मिक सावधगिरी सुचविली आहे. आरमाराचा खर्च मुलुखाच्या वसुलांतून नेमून द्यावा, समुद्रावरील मिळकतीवर सोडूं नये. नाहींतर सावकारांस उपद्रव होऊन व्यापारच बुडेल, असा त्यांचा अभिप्राय आहे. कर घेणाराचें पोट त्याच करावर अवलंबून असलें कीं दर वाढणारच, हें त्यांनीं नेमकें ओळखलें होतें.

या दृष्टीनें सुवेझ कालव्याचें उदाहरण बोधप्रद आहे. इ. स. १८६९ त तो खुला झाला. सनदेप्रमाणें टनामागें दहा फ्रँकांची मर्यादा होती. परंतु इ. स. १८७२ त कंपनीनें टन मोजण्याची पद्धतच बदलली आणि दर न वाढवितां कर वाढविला! तंटा विकोपास गेला, तेव्हां इ. स. १८७३ त कॉन्स्टँटिनोपल येथें आंतरराष्ट्रीय मंडळ बसवून टनाचें माप ठरवावें लागलें. इकडे ज्या ईजिप्तच्या शेतकऱ्यांनीं वेठीनें हा कालवा खणण्यास आरंभ केला, त्या देशाचे भाग खेदिवानें इ. स. १८७५ त इंग्रज सरकारास विकले आणि इ. स. १८८० त नफ्याचा उरलेला वाटाही गेला. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ त्या देशास नफ्यांतून कांहींच मिळालें नाहीं. इ. स. १९५६ त नासरांनीं कालवा राष्ट्राच्या ताब्यांत घेतला, त्याचें मूळ या अन्यायांत आहे.

आतां पुनः न्हावा-शेव्याकडे वळूं. हें बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. इ. स. १९९७ पासून अशा महाबंदरांचे दर एक स्वतंत्र प्राधिकरण ठरवीत असे. इ. स. २०२१ च्या कायद्यानें तो अधिकार प्रत्येक बंदराच्या मंडळाकडे आला, व नव्या खाजगी ठेकेदारांस बाजार पाहून दर ठरविण्याची मोकळीक मिळाली. अमात्यांची सावधगिरी आज पुन्हां आठवावी, ती यासाठीं.

परंतु या किनाऱ्याचें देणें याहून जुनें आहे. नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरितां दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण-पनवेलचे शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं झालेल्या गोळीबारांत पांच जण प्राणास मुकले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. हें तत्त्व म्हणजे भूमिपुत्रांचा वाटा मान्य करणेंच होय.

बंदर भरभराटीस यावें हीच आमची इच्छा. परंतु जहाजांकडून मिळालेल्या उत्पन्नापैकीं किती भाग या गांवांच्या व कोळीवाड्यांच्या कामीं लागला, हें वार्षिक अहवालांत निराळ्या रकान्यांत दाखविलें जावें. रट्टराजाच्या ताम्रपटांत जें एका ओळींत लिहितां आलें, तें आज लिहिणें अवघड नसावें.