ग्रंथालयीन वाचक-गोपनीयता (सोलापूर)

सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद कोण, तो राहतो कोठे, त्याने कोणती पुस्तके नेली आणि वाचनकक्षात तो केव्हा बसला, ही माहिती त्याच्या संमतीवाचून अथवा कायदेशीर आदेशावाचून पोलिसांसह कोणाही त्रयस्थाच्या हाती जाऊ न देण्याच्या ग्रंथालयाच्या कर्तव्यास वाचक-गोपनीयता म्हणतात. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या 1939 च्या आचारसंहितेत हे कर्तव्य नमूद असून तेथील बहुतेक राज्यांनी त्याला कायद्याचा आधार दिला आहे. त्यामुळे स्थलांतरितांची धरपकड करणारे अधिकारी आपल्याच खात्याच्या सहीचे वॉरंट घेऊन आल्यास ग्रंथपाल न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट मागू शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 हा ग्रंथालय परिषद, संचालनालय, मान्यता आणि अनुदान यांची व्यवस्था लावतो. वाचकाच्या नोंदी गुप्त ठेवण्याविषयी मात्र तो काहीच बोलत नाही.

कर्नाटकाच्या सीमेलगतच्या सोलापुरात या उणिवेला विशेष अर्थ आहे. कापडगिरण्या आणि मागांमुळे वाढलेल्या या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषांचे वाचक असल्याने, कोणी कोणत्या भाषेचे पुस्तक नेले एवढ्यावरूनही त्याच्या घरादाराचा अंदाज बांधता येतो. असा अंदाज निरुपद्रवी राहतोच असे नाही : 2025 मध्ये मुंबई परिसरात कामाला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही बांगलाभाषक मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार धाडण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार विदेशी नागरिक अधिनियम, 1946 नुसार त्या व्यक्तीवरच होता आणि त्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या आप्रवास व विदेशी नागरिकविषयक कायद्यानेही तो तिच्यावरच ठेवला आहे.

या नव्या कायद्याने परदेशी व्यक्तींची माहिती कळवण्याचे बंधन निवासाची सोय करणारे, शैक्षणिक संस्था आणि रुग्णालये यांच्यावर घातले असून त्यांत सार्वजनिक ग्रंथालयाचे नाव नाही. त्यामुळे सभासदाचे नागरिकत्व तपासणे किंवा परदेशी वाचकाची वर्दी आपणहून पोलिसांना देणे हे ग्रंथपालाचे काम ठरत नाही. सभासदत्वासाठी सर्रास मागितली जाणारी आधार कार्डाची प्रतही या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचे 2016 चा आधार कायदाच सांगतो. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 अन्वये, तपासासाठी आवश्यक वाटणारा दस्तऐवज हजर करण्याचा लेखी आदेश न्यायालयाप्रमाणेच पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारीही काढू शकतो, म्हणजे न्यायाधीशाच्या सहीचा आग्रह येथे धरता येत नाही. तोंडी मागणी आणि लेखी आदेश यांतला फरक तेवढा ग्रंथपालाच्या हाती उरतो. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. परंतु डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 हा केवळ डिजिटल रूपातील अथवा नंतर तसे रूप दिलेल्या माहितीला लागू असून गुन्ह्याच्या तपासाला त्यात मोठी सूट आहे, आणि टेबलावरची कागदी नोंदवही तर त्याच्या कक्षेतच येत नाही.

त्यामुळे प्रत्यक्ष संरक्षण कायद्यापेक्षा देवघेवीच्या पद्धतीवर, म्हणजे पुस्तक देण्याघेण्याची नोंद कशी ठेवली जाते त्यावर, अधिक अवलंबून आहे. नेवार्क पद्धतीत प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर ते नेणाऱ्याचा सभासद क्रमांक आणि तारीख लिहितात. पुस्तक परत आले तरी क्रमांक कार्डावर राहतो आणि वर्षानुवर्षांचे वाचक एका पुठ्ठ्यावर ओळीने सापडतात. ब्राऊन पद्धतीत सभासदाच्या खिसावजा तिकिटात पुस्तकाचे कार्ड घालून ते परतीच्या तारखेमागे लावतात आणि पुस्तक परत येताच कार्ड पुस्तकात व तिकीट सभासदाकडे जाते, त्यामुळे कोणी काय वाचले याचा मागमूसही उरत नाही. दिवसाकाठी किती पुस्तके गेली एवढी संख्या अहवालासाठी तरीही हाती राहते. संगणकाने ही विस्मृती हिरावून घेतली आहे, कारण देवघेवीचा इतिहास साठवणे त्याला फुकट पडते; तथापि ‘कोहा’ या मुक्त प्रणालीत परत आलेल्या पुस्तकापासून वाचकाचे नाव तोडण्याची सोय असून ती चालू करणे संस्थेच्या मर्जीवर आहे.

सोलापुरातील हिराचंद नेमचंद वाचनालयापासून गावोगावच्या अनुदानित वाचनालयांपर्यंत, या संस्था बहुधा सरकारी नसून नोंदणीकृत संस्था किंवा न्यास असल्याने, असा निर्णय कार्यकारी मंडळाच्या साध्या ठरावाने घेता येतो. त्याच ठरावात ओळखपत्र पाहून प्रत न ठेवता परत देणे, वाचनकक्षाच्या दाराशी उघड्या पडलेल्या सहीच्या वहीऐवजी नुसती संख्या मोजणे आणि पोलिसी चौकशीला काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने नव्हे, तर मुख्य ग्रंथपालाने किंवा कार्यवाहाने लेखी आदेश पाहूनच उत्तर देणे, या गोष्टी बसू शकतात. सायबर कॅफेंसाठी 2011 मध्ये केलेल्या नियमांत ग्राहकाची ओळख आणि वापराची नोंद किमान वर्षभर जपण्याची सक्ती आहे. हे नियम व्यवसाय म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी असल्याने सभासदांना मोफत संगणक देणाऱ्या ग्रंथालयाने ती सक्ती आपणहून ओढवून घेण्याचे कारण दिसत नाही.