वारशाने आलेला ट्रॅक्टर : फर्ग्युसन टी. ई. २० आणि देखभालीचा इतिहास

१

शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास आजवर बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक शोधाचे व दुसरे प्रसाराचे. यंत्र कोणी कल्पिले, त्याचे पेटंट कोणी घेतले, कारखाना कोठे उभा राहिला, किती नग विकले गेले आणि त्यामुळे किती घोडे अथवा बैल कामावरून दूर झाले, या प्रश्नांची उत्तरे दप्तरांत मिळतात. म्हणून ती ग्रंथांतही मिळतात. परंतु विक्रीची पावती फाटली, की यंत्र या इतिहासातून नाहीसे होते. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे ते ज्या घरी राहिले, ज्या हातांनी ते उघडले, पुसले व पुन्हा जोडले, त्यांची नोंद सहसा कोणी ठेविलेली नाही. वस्तुतः यंत्राच्या आयुष्याचा मोठा भाग हाच होय.

या दृष्टीने विचार करण्यास इंग्लंडात १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टी. ई. २० हा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर अत्यंत उपयुक्त ठरतो. शेवटचा नग कारखान्याबाहेर पडल्यास आता सत्तर वर्षांच्या आसपास काळ लोटला आहे. असे असूनही आयर्लंड, ब्रिटन व स्कँडिनेव्हिया येथील अनेक शेतकरी घराण्यांत तो आजोबांकडून मुलाकडे व मुलाकडून नातवाकडे आलेला आहे आणि चालू स्थितीत आहे. हे टिकणे केवळ जिव्हाळ्याचे फळ आहे काय? तसे म्हणता येत नाही. त्याची तीन कारणे आहेत : यंत्राची रचना, सुट्या भागांच्या पुरवठ्यातील सातत्य आणि घरातल्या घरात हस्तांतरित होणारे ज्ञान. पहिल्या दोहोंची साक्ष कागदोपत्री मिळते. तिसरे कारण मात्र सर्वांत नाजूक असून त्याचा पुरावा दिवसेंदिवस नष्ट होत आहे.

२

हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याचा जन्म अल्स्टरमधील काउंटी डाउन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. बेलफास्ट येथे त्याने मोटारींचा व्यवसाय थाटला. पहिल्या महायुद्धात अन्नोत्पादनाची निकड निर्माण झाली, तेव्हा १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेतीखात्याने ट्रॅक्टर व नांगर यांची कामगिरी सुधारण्याचे काम त्याच्यावर सोपविले. गावोगाव हिंडताना एक दोष त्याच्या ध्यानात आला. त्या काळचा नांगर घोड्यामागे जसा साखळीने ओढला जाई, तसाच तो ट्रॅक्टरमागेही ओढला जात असे. फाळ खडकात अडकला, की हलक्या ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जाई आणि प्रसंगी यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. ट्रॅक्टर जड केला, तर ओली जमीन त्याच्या चाकांखाली दडपून जाई.

फर्ग्युसन व त्याचे सहकारी यांनी शोधलेला उपाय असा, की नांगराला ट्रॅक्टरचाच एक अवयव करावयाचे. खालचे दोन दांडे व वरचा एक, अशा तीन बिंदूंवर अवजार जोडण्यात आले आणि ते उचलण्याचे काम तेलाच्या दाबावर सोपविण्यात आले. फाळ खोल जाऊ लागला, की ओढ वाढते; त्या ओढीने वरचा दांडा स्प्रिंगवर दाबला जातो, झडप सरकते आणि तेल दांड्यांना किंचित वर उचलते. अवजाराचा भार मागच्या चाकांवर येत असल्याने हलक्या यंत्रासही पकड मिळते. पुढचा भाग उचलला जाण्याची प्रवृत्तीही वरच्या दांड्यामुळे रोखली जाते. आज जगातील बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे दिसणारी जोडणी ती हीच.

या कल्पनेचा व्यापारी प्रवास वळणावळणाचा झाला. १९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या कारखान्यात पहिला फर्ग्युसन ट्रॅक्टर विक्रीसाठी तयार होऊ लागला. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी झालेला करार केवळ हस्तांदोलनावर झाला. त्याचा लेख नव्हता. त्यातून १९३९ मध्ये फोर्डचा नवा ट्रॅक्टर निघाला. १९४७ मध्ये फोर्ड कंपनीने ही भागीदारी संपुष्टात आणली, पुढील वर्षी फर्ग्युसनने दावा दाखल केला व १९५२ मध्ये ९२ लक्ष ५० हजार डॉलरांवर तडजोड झाली. तत्पूर्वीच, म्हणजे १९४६ मध्ये, कॉव्हेंट्री येथील बॅनर लेन या युद्धकाळात विमानांच्या इंजिनांसाठी उभारलेल्या कारखान्यात स्टँडर्ड मोटर कंपनीने टी. ई. २० चे उत्पादन आरंभिले होते. दहा वर्षांत पाच लक्ष सतरा हजारांहून अधिक ट्रॅक्टर तेथून बाहेर पडले.

ते ज्या घरी गेले, त्या घरांचे स्वरूपही लक्षात घेतले पाहिजे. आयर्लंडमध्ये १९०३ च्या जमीनखरेदी कायद्याने कुळे मालक होण्याच्या प्रक्रियेस मोठी गती मिळाली होती. लहान शेते, घरचेच मनुष्यबळ आणि बापाच्या पश्चात मुलाकडे जाणारी जमीन, अशी ही व्यवस्था होती. तीत ट्रॅक्टर आला तो घोड्याच्या जागी. स्वीडनमध्ये या ट्रॅक्टरला ‘ग्रोले’ म्हणत. करड्या घोड्याला लाडाने हाक मारण्याचा तो शब्द. घोड्याचे काम ज्याच्याकडे गेले, त्याच्याकडे घोड्याचे नावही गेले. घरच्या जनावराची निगा घरच्यांनीच करावयाची हा संकेतही त्या नावाबरोबर गेला असल्यास नवल नाही.

३

आता रचनेकडे वळू. टी. ई. २० चे वजन सुमारे सव्वा टन व शक्ती पंचवीस अश्वशक्तींच्या आसपास होती. त्याबरोबर मिळणाऱ्या पान्यावर इंचांच्या खुणा कोरलेल्या असत. नट सोडविण्याचे व अंतर मोजण्याचे काम त्या एकाच साधनाने होई. पिकाच्या ओळींप्रमाणे मागच्या चाकांमधील अंतर ४८ पासून ७६ इंचांपर्यंत चार-चार इंचांच्या टप्प्यांनी बदलता येई. इंजिन सुरू करण्याची योजना गिअरच्या दांड्यातच होती. त्यामुळे यंत्र गिअरमध्ये असताना सुरू होऊन धावत सुटण्याचा धोका टळला. या सर्व योजनांतून एक गृहीत स्पष्ट होते. यंत्राचा मालक हाच त्याचा पहिला कारागीर होय, असे रचनाकाराने मानले होते.

इंजिनाविषयीही हेच म्हणता येते. स्टँडर्डने बनविलेल्या इंजिनातील लायनर पाण्याच्या थेट संपर्कात असत व झिजल्यावर ते बाहेर काढून नवे बसविता येत. ठोकळा यंत्रशाळेत नेऊन पुन्हा कोरण्याची आवश्यकता नसे. याच जातीचे इंजिन त्या कंपनीच्या व्हॅनगार्ड मोटारगाडीत वापरले जात असल्याने सुट्या भागांचा साठा विस्तृत राहिला. मात्र सोयीबरोबर तिचा दोषही आला. लायनरच्या बुडाशी असलेले गॅस्केट निकामी झाले, की पाणी खालच्या चेंबरमध्ये उतरते आणि तेल दुधासारखे पांढरट दिसू लागते. पुष्कळ दिवस उभा असलेला ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी तेल पाहिले पाहिजे, हा नियम जुन्या मालकांच्या घरी पुस्तकाविना पाळला जातो.

सुट्या भागांचे सातत्य हे दुसरे कारण. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी कॅनडातील मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. तथापि १९५६ मध्ये आलेल्या पुढच्या ट्रॅक्टरमध्ये तीन बिंदूंची जोडणी व तेलाच्या दाबाची योजना तत्त्वतः तीच राहिली. यंत्राची जात बदलली नाही. म्हणून जुन्या यंत्रासाठी घेतलेली अवजारेही नातवाच्या काळापर्यंत निरुपयोगी ठरली नाहीत.

४

तिसरे कारण ज्ञानाचे. येथे एका उदाहरणाचा विस्ताराने विचार करणे उचित होईल. १९४९ पासून या ट्रॅक्टरचा एक प्रकार ‘ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल’ या रॉकेलसदृश स्वस्त इंधनावर चालणारा निघाला. तो पेट्रोलवर सुरू करावयाचा, इंजिन पुरते तापल्यावर कॉक फिरवून स्वस्त इंधनावर आणावयाचा आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर न्यावयाचा, असा क्रम होता. इंजिन थंड असताना स्वस्त इंधन दिले, तर ते पुरते जळत नाही. न जळलेला अंश लायनरवरून ओघळून चेंबरमधील तेल पातळ करतो आणि बेअरिंगे झिजतात. कॉक केव्हा फिरवावा, याचा निर्णय बापाने अनुभवाने शिकलेला असे आणि मुलगा तो शेजारी उभा राहून शिके.

ब्रिटनमध्ये १९७४ मध्ये या इंधनाची विक्री बंद झाली. त्यानंतर मालकांनी रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळून आपले मिश्रण आपणच सिद्ध केले. एका व्यापारी निर्णयाने बाजारातील वस्तू संपली. परंतु तिच्या वापराचे ज्ञान घरी शिल्लक होते, म्हणून यंत्र चालू राहिले. ज्या घरी बाप वारला व मुलगा शहरात गेला, त्या घरी तोच ट्रॅक्टर पत्र्याच्या छपराखाली गंजला. यंत्रात काही फरक नव्हता. फरक होता तो शिकविणारा व शिकणारा यांच्यातील धागा अखंड राहिला की नाही, एवढाच.

वारशात धोकेही येतात. या ट्रॅक्टरच्या मागचा अवजार फिरविणारा दांडा, ज्याला पी. टी. ओ. म्हणतात, गिअरपेटीतून फिरतो. त्यामुळे वजनदार फिरत्या पात्याचे गवतकापणी यंत्र जोडलेले असताना क्लच दाबला, तरी पात्याचा वेग ट्रॅक्टरला काही अंतर पुढे ढकलीत नेतो. हे ज्याला ठाऊक नाही, तो कुंपणाशी थांबू शकत नाही. एकेरी दिशेने फिरणारा जोड बसविला, की हा दोष जातो. उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट तर मूळ यंत्रास नव्हतीच. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरांना ती १९७० पासून सक्तीची झाली. म्हणून जाणती घराणी आजोबांचा ट्रॅक्टर उतारावर नेत नाहीत. कोणते काम त्याला सांगावयाचे नाही, हेही वारशाचेच एक कलम होय.

५

येथे इतिहासकारापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. सत्तर वर्षांत लायनर बदलले, टायर बदलले, क्लच बदलला, पत्रा बदलला, कदाचित इंजिनही बदलले. मग आजोबांचा ट्रॅक्टर तो कोणता? ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात नागसेनाने राजा मिलिंदास रथाविषयी हाच प्रश्न विचारला आहे. आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. या सर्वांच्या आश्रयाने ‘रथ’ हा व्यवहार चालतो, एवढेच. वारशाने आलेल्या ट्रॅक्टरला हा दृष्टान्त पुरेपूर लागू पडतो. मात्र एक भर घातली पाहिजे. तो व्यवहार आपोआप चालत नाही. प्रत्येक पिढीतील कोणीतरी तो श्रमाने चालू ठेवितो.

यावरून जुन्या ट्रॅक्टरांच्या नूतनीकरणाविषयी एक मर्यादा सांगावी लागते. संग्रहाची हौस वाढली, तसे यंत्र पूर्णपणे सोडवून, घासून व नव्या करड्या रंगाने झळकवून ते कारखान्यातून आल्यासारखे करण्याची पद्धत रूढ झाली. दर्शनी फलकावरील क्रमांकावरून यंत्राचे वर्ष ठरविता येते आणि त्या वर्षास अनुरूप भाग शोधले जातात. या परिश्रमाचे मोल कमी नाही. परंतु दांड्यावरचे ओबडधोबड वेल्डिंग, दुसऱ्या यंत्रातून आणून बसविलेला नट, वर्षानुवर्षे एकाच पायाने झिजलेले पायदान, ही सर्व साधने आहेत. अडचणीच्या हंगामात काय मोडले व हाताशी काय होते, हे त्यांवरून वाचता येते. रंगाचा नवा थर देताना हा लेख पुसला जातो. ताम्रपट घासून चकचकीत करताना अक्षरे गेली, तर त्या चकाकीचा अभ्यासकास उपयोग नाही. निदान घासण्यापूर्वी त्याची छायाचित्रे व वर्णन नोंदवून ठेवणे हे कर्तव्य होय.

६

या विषयाचा भारताशी संबंध दूरचा नाही. १९६० मध्ये मद्रास येथे मॅसी-फर्ग्युसनच्या सहकार्याने ‘ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट’ ही कंपनी स्थापन झाली आणि कॉव्हेंट्रीच्या ट्रॅक्टरचा वंश या देशात वाढू लागला. आज महाराष्ट्रातील शेतकरी ज्याला नुसते ‘लिफ्ट’ म्हणतो आणि ज्यावर पल्टी नांगर चढवितो, ते फर्ग्युसनच्याच कल्पनेचे रूप आहे.

तथापि देखभालीची पूर्वपीठिका येथे अगदी निराळी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या बलुते व्यवस्थेत नांगर दुरुस्त करण्याचे ज्ञान कुणब्याच्या घरी नव्हते. ते सुताराच्या व लोहाराच्या घरी होते आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने दिला जाई. अवजाराचा वारसा एका कुळात आणि दुरुस्तीचा वारसा दुसऱ्या कुळात, अशी ही विभागणी होती. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर गावोगाव गेले, तेव्हा दुरुस्तीचा काही भाग कारखान्याकडे व दुकानाकडे सरकला. ट्रॅक्टर आल्यावर तो बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या मिस्त्रीकडे गेला. अल्स्टरमध्ये जे ज्ञान मालकाच्या घरात मुरले, ते येथे पुष्कळ अंशी गॅरेजमध्ये मुरले. खंडेनवमीला हार घालतो तो मालक; पण जुन्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून दोष सांगतो तो मिस्त्री. म्हणून या प्रदेशातील जुन्या ट्रॅक्टरचा इतिहास लिहावयाचा, तर मालकाच्या वाटणीपत्राबरोबर मिस्त्रीच्या वहीचाही शोध घ्यावा लागेल.

आणि हा शोध लांबणीवर टाकण्याजोगा नाही. कारखान्याची दप्तरे आणखी पन्नास वर्षांनीही पाहता येतील. ज्या पिढीने पहिला ट्रॅक्टर घरी आलेला पाहिला व त्याच्या मागे चालत त्याचे दुखणे ओळखण्यास शिकली, ती पिढी आता अतिवृद्ध झाली आहे. तिच्या मुखातून हे ज्ञान टिपून घेतले नाही, तर यंत्रे उरतील, त्यांचा रंगही उजळ राहील. परंतु ती कशी जगली, हे सांगणारा कोणी उरणार नाही.