मूत्रपिंड आणि रक्तदाब

रक्तदाब वाढल्यामुळें मूत्रपिंड बिघडतें, कीं मूत्रपिंड बिघडल्यामुळें रक्तदाब वाढतो? हा प्रश्न वैद्यकापुढें सुमारें शंभर वर्षें उभा होता. लंडनच्या गायज् रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं १८३६ सालीं रोगट मूत्रपिंड व वाढलेलें हृदय यांचें साहचर्य दाखविलें. पण त्यांत कारण कोणतें व कार्य कोणतें, हें शवविच्छेदनानें कळेना. १८९८ सालीं स्टॉकहोमच्या टिगरस्टेट व बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कांत रक्तदाब चढविणारें 'रेनिन' सांपडलें. परंतु पुढें तीन तपें त्याची फारशी दखल कोणी घेतली नाहीं.

१९३४ सालीं क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनीं कुत्र्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या रोहिण्या रुप्याच्या चिमट्यांनीं आवळल्या. रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला! आमच्या मतें गांठ सुटली ती येथें. रेनिनमुळें रक्तांत वाहिन्या आकुंचित करणारें द्रव्य तयार होतें, हें १९४० च्या सुमारास ब्युनोस आयर्स व इंडियानापोलिस येथें स्वतंत्रपणें सिद्ध झालें. त्या द्रव्याची उत्पत्ति रोखणारें कॅप्टोप्रिल १९८१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें.

सर्वच रक्तदाबाचें मूळ मूत्रपिंडांत असतें असें नव्हे. पण वरील दोन्ही विधानें खरीं ठरलीं आहेत. एकाचा बिघाड दुसऱ्यास वाढवितो, आणि तोही बहुधा निमूटपणें. म्हणून प्रकृति ठीक वाटत असतांही रक्तदाब मोजून घेण्यांत आळस करूं नये.