तेव्या दूधवाला आणि तात्या सरपंच : दोन खेड्यांनी हसत हसत दिलेले पाच धडे

१.
२२ सप्टेंबर १९६४. न्यू यॉर्कच्या इंपीरियल थिएटरमध्ये ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतिकेचा पडदा वर गेला. छपरावर तोल सावरत फिडल वाजवणारा एक माणूस, खाली रशियन साम्राज्यातले अनातेवका नावाचे काल्पनिक ज्यू खेडे, काळ १९०५ आणि पाच मुलींचा गरीब बाप तेव्या दूधवाला. या संगीतिकेचे पुढे ३,२४२ प्रयोग झाले. ब्रॉडवेच्या इतिहासात त्यापूर्वी कोणतीही संगीतिका इतकी चालली नव्हती.

२.
फेब्रुवारी १९८०, मुंबई. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी बोलीतले नाटक रंगभूमीवर आले. कोकणातल्या एका खेड्यातली हौशी मंडळी द्रौपदी-वस्त्रहरणाचा खेळ लावतात आणि तो काही केल्या धड पार पडत नाही, एवढेच त्याचे कथानक. तात्या सरपंचाच्या भूमिकेत मच्छिंद्र कांबळी. या नाटकाच्या प्रयोगांची संख्या पुढे पाच हजारांच्या वर गेली.

३.
दुधाच्या गाड्याचा आणि सरपंचाच्या खुर्चीचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. ‘फिडलर’ची संहिता लिहिणारे जोसेफ स्टाइन याला उत्तर ठरेल असा एक किस्सा नेहमी सांगत. १९६७ मध्ये टोकियोत प्रयोग झाला, तेव्हा तिथल्या निर्मात्याने त्यांना विचारले की, हे नाटक अमेरिकेतल्या लोकांना कळते तरी का? त्याच्या मते ते अगदी जपानी होते! मालवणच्या किनाऱ्यावरच्या प्रेक्षकालाही ते तितकेच आपले वाटले असते. दोन्ही खेडी जीवनाचे धडे देतात आणि दोन्हींची देण्याची रीत हसण्याची आहे.

४.
धडा पहिला : लोक ज्या भाषेला हसतात, तिच्यातच आपण त्यांना हसवावे.

तेव्याचा मूळ जनक शोलेम अलाइखेम. हे टोपणनाव, त्याचा अर्थ ‘तुम्हांला शांती लाभो’, म्हणजे सरळ रामराम! खरे नाव सोलोमन राबिनोविच, जन्म १८५९. सुशिक्षित ज्यूंच्या लेखी हिब्रू ही शास्त्राची भाषा आणि यिडिश ही बाजारातली, स्वयंपाकघरातली बोली होती. तिला तुच्छतेने ‘जारगॉन’ म्हटले जाई. अलाइखेमने तेव्याच्या कथा १८९४ पासून त्याच बोलीत लिहिल्या आणि ती साहित्याची भाषा झाली.

५.
मालवणीची कथा याहून फार वेगळी नाही. मराठी नाटकांत ती पूर्वीही ऐकू येई. पण बहुधा कोकणातून आलेल्या ‘रामा गड्या’च्या तोंडी. मालक प्रमाण मराठी बोले, गडी मालवणी बोले आणि प्रेक्षक गड्याला हसत. ‘वस्त्रहरण’मध्ये ही व्यवस्थाच उलटली. सरपंचही मालवणी, कौरवही मालवणी, पांडवही मालवणी. गड्याची बोली त्या रात्री राजसभेत जाऊन बसली.

६.
आरंभी या नाटकाला प्रेक्षक मिळेनात. पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहून कौतुकाचे पत्र लिहिले आणि चित्र पालटले. मालवणजवळच्या रेवंडीचे कांबळी पुढे स्वतःची नाट्यसंस्था काढते झाले, तेव्हा तिला त्यांनी गावच्या देवीचे, भद्रकालीचे, नाव दिले. येथे एक गमतीची नोंद करायला हवी. ‘वस्त्रहरण’ आले तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वातच नव्हता. रत्नागिरीतून तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. नकाशावर जिल्हा उमटण्यापूर्वी त्याची बोली मुंबईच्या नाट्यगृहांत पोहोचली होती.

७.
धडा दुसरा : परंपरा कुठून आली हे ठाऊक नसले, तरी तिचा रुबाब सोडू नये.

तेव्या आरंभीच प्रेक्षकांना गावच्या चालीरीती समजावून सांगतो. डोके सदैव झाकलेले का, प्रार्थनेची शाल का, हे सांगण्याचा मोठा आव आणतो आणि शेवटी कबूल करतो की, या रीती कशा सुरू झाल्या ते आपल्याला ठाऊक नाही. तरीही त्या पाळणाऱ्या प्रत्येकाला आपण कोण आहोत हे नेमके कळते, ही त्याची खात्री असते.

८.
सिंधुदुर्गातला दशावतार पाहावा. जत्रेच्या रात्री देवळासमोर मांड पडतो. सामग्री म्हणजे एक बाकडे, पेटी, पखवाज आणि झांज. संवादांची लिखित संहिता नाही. कथानक ठरते, बोलणे जागच्या जागी सुचते. स्त्री-भूमिका पुरुष करतात. पूर्वरंगात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात आणि मग येतो काळ्या वेषातला संकासुर. पुराणाप्रमाणे हा वेद चोरणारा दैत्य. पण मांडावर तो मालवणीत अशी काही फिरकी घेतो की, वेदांच्या चोरीचा राग कोणालाच येत नाही. पहाटे दहीकाला होतो आणि माणसे डोळे चोळत घरी जातात. असेच का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : पूर्वापार चालत आले आहे.

९.
‘वस्त्रहरण’चा विनोद याच मातीतला आहे. पौराणिक पोशाख अंगावर चढला, तरी आतला माणूस गावातलाच राहतो. राजसभेतील संवाद चालू असताना गावातली भांडणे मध्येच तोंड काढतात. समोर बसलेले सरपंच नाटकाला आपल्या अधिकाराबाहेरचे मानायला तयार नसतात. महाभारत हस्तिनापुरात घडले असेल. पण ते सादर व्हायचे तर गावाच्या परवानगीने! येथे परंपरेची टिंगल आहे असे कोणाला वाटेल. वस्तुतः ज्यांनी रात्र रात्र जागून ते खेळ पाहिले, त्यांनाच ही टिंगल जमते.

१०.
धडा तिसरा : देवाशी मोठ्याने बोलावे, तक्रार असेल तर अधिकच मोठ्याने.

तेव्याचा घोडा लंगडतो आणि गाडा त्याला स्वतः ओढावा लागतो. तेव्हा तो आभाळाकडे पाहून देवाला विचारतो की, एवढा छळ तुला आवश्यक वाटला का? त्यात अश्रद्धा अजिबात नाही. रोजच्या भेटीतल्या वडीलधाऱ्याशी असावी तशी ती सलगी आहे.

११.
मालवणी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. त्याच्याकडे ‘गाऱ्हाणे’ आहे. रवळनाथ, सातेरी, वेतोबा यांच्यापुढे गावचा मानकरी उभा राहतो आणि पीकपाणी, आजारपण, भाऊबंदकी, मुंबईला गेलेल्या पोरांची खुशाली, सारे काही खणखणीत आवाजात मांडतो. जमाव प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणून दुजोरा देतो. ही विनंती कमी आणि ग्रामसभेचा ठराव अधिक वाटतो. आरवलीच्या वेतोबाला तर भक्त चामड्याच्या प्रचंड वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याच्या वहाणा झिजतात, त्या देवाला चार शब्द सुनावण्याचा हक्क भक्ताला आपोआप मिळतो.

१२.
धडा चौथा : घरात आपले चालत नसेल, तर पूर्वजांना साक्षीला बोलवावे.

तेव्याने थोरल्या मुलीचे लग्न श्रीमंत खाटकाशी ठरवलेले असते. मुलीचे मन मात्र गरीब शिंप्यावर. बाप विरघळतो. आता बायकोला कसे सांगावे? तो मध्यरात्री ओरडत उठतो आणि एक भयंकर स्वप्न रचून सांगतो : बायकोची मेलेली आजी आली, तिने शिंप्याचे नाव घेतले, मग खाटकाची मेलेली पहिली बायको थडग्यातून उठली आणि तिने धमकी दिली. बायको तत्काळ तयार होते. निर्णय बापाचा, सही पूर्वजांची!

१३.
कोकणातही मोठा निर्णय घेण्यापूर्वी देवाला कौल लावण्याची रीत आहे. पाषाणाला फुले वा तांदूळ लावायचे आणि उजवे पडते की डावे, याची वाट पाहायची. मन आधीच ठरलेल्या माणसाला ही प्रतीक्षा किती कठीण जाते, हे देवळात त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्याला दिसते. दोन्ही खेड्यांना एक गोष्ट उमगलेली आहे. नवी वाट धरायची असेल, तर जुन्यांचा होकार मिळवणे हा सर्वांत कमी भांडणाचा मार्ग असतो.

१४.
धडा पाचवा : निघावेच लागले, तर गाव सोबत न्यावे.

संगीतिकेच्या अखेरीस झारच्या अधिकाऱ्यांचा हुकूम येतो आणि अनातेवकाला तीन दिवसांत घरे सोडावी लागतात. त्या क्षणीही कोणीतरी विनोद करते : पूर्वजांना असेच पुन्हा पुन्हा उठवले गेले, म्हणून तर आपण सदैव डोक्यावर टोपी घालून तयार असतो! स्वतः अलाइखेमनेही १९०५ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर रशिया सोडला होता.

१५.
कोकणाला कोणी हुकूम दिला नाही. तिथे डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीने तेच काम केले. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि घरे मनीऑर्डरवर चालली. हे चाकरमानी गणपतीला गावी परतत आणि उरलेले वर्ष परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी नाटके करत आणि पाहत. ‘वस्त्रहरण’ला खळखळून हसणाऱ्यांत ही मंडळी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि असंख्य घरांचा पगार कायमचा थांबला. त्या हास्यामागे किती अनिश्चित आयुष्ये होती, हे दोनच वर्षांत उघड झाले.

१६.
ज्यू खेड्याची कल्पना कोकणाला परकीही नव्हती. उत्तरेला, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल समाज शतकानुशतके नांदला. त्यांची बोली मराठी, पारंपरिक धंदा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. येथे त्यांचा छळ झाला नाही. तरीही १९४८ नंतर बहुसंख्य इस्रायलला गेले. जाताना किहीमकर, पेणकर अशी आडनावे घेऊन गेले. आडनावात गाव बांधून नेण्याची ही खास कोकणी युक्ती रेवंडीच्या चाकरमान्यालाही परिचयाची आहे.

१७.
या पाचही धड्यांना एक मर्यादा आहे, आणि दोन्ही नाटकांनी ती वेगवेगळ्या प्रकारे दाखवली. तेव्याची तिसरी मुलगी हावा परधर्मीय तरुणाशी लग्न करते, तेव्हा त्याचा सारा विनोद आटतो. तो मुलीकडे पाठ फिरवतो. परंपरा तोपर्यंत वाकत आली होती. आता आणखी वाकली तर मोडेल, अशी भीती त्याला वाटते.

१८.
मालवणीची अडचण वेगळी झाली. ‘वस्त्रहरण’ने तिला रंगमंचाचे सिंहासन दिले, पण त्या सिंहासनावर विदूषकाची झूलही पांघरली गेली. मालवणी म्हणजे विनोद, हे समीकरण असे घट्ट बसले की, या बोलीत कोणी दुःख सांगू लागला तरी समोरचा हसण्याच्या तयारीत बसतो. यिडिशने हसण्यासोबत रडण्याचाही अधिकार मिळवला. २०१८ मध्ये ‘फिडलर’ न्यू यॉर्कमध्ये यिडिश भाषेत सादर झाले, तेव्हा तेव्या आपल्या मूळ बोलीत हसला आणि तिच्यातच रडला. मालवणीचे हे अर्धे काम पुढच्या पिढीकडे शिल्लक आहे.

१९.
शोलेम अलाइखेम १९१६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये वारला. अंत्ययात्रेला लाखाहून अधिक माणसे लोटली. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवले होते की, आपल्या स्मृतिदिनी कुटुंबीयांनी आणि मित्रांनी एकत्र बसून आपल्या कथांपैकी एखादी खूप हसवणारी कथा वाचावी. मच्छिंद्र कांबळी ३० सप्टेंबर २००७ रोजी गेले. त्यांच्यासाठी अशी तरतूद करण्याची गरज पडली नाही. मालवणकडे जाणाऱ्या गाडीत चार चाकरमानी एकत्र बसले की, तात्या सरपंचाचा विषय कोणी ना कोणी काढतोच.